लाट उठवू नका!

तळ्यात होडी खुशाल चालवा, पण लाट उठवू नका, असा हुकूम कोणी तुम्हाला केला तर तुम्ही काय म्हणाल? पाण्यात हात घाला पण हात ओला करू नका, असे सांगण्यासारखेच हे झाले! परंतु अमेरिकेतील हजारो सरोवरांवर नेमका हाच हुकूम लिहिलेला असतो. काठापासून काही अंतरावर पांढरे बोये तरंगत असतात. त्यांवर नारिंगी रंगाचे वर्तुळ असते आणि त्याखाली 'सावकाश – लाट नको' या अर्थाचे मोजके शब्द. बोया ओलांडून काठाकडे येणाऱ्या मोटरबोटीने आपला वेग एकदम कमी करायचा, इतका कमी की सुकाणू जेमतेम ऐकावे.

ही पाटी कशासाठी? पोहणाऱ्यांना आणि छोट्या वल्ह्याच्या होड्यांना धोका होऊ नये म्हणून, हे उत्तर तुम्ही लगेच द्याल आणि ते बरोबरही आहे. पण तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. त्या पाटीचा संबंध पाण्याखालच्या गाळाशी आहे, काठावर घरटे करणाऱ्या पक्ष्याशी आहे आणि परमुलुखातून येऊन सरोवर बळकावणाऱ्या एका वनस्पतीशीही आहे. ही गोष्ट समजून घेण्यासाठी आपण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट या डोंगराळ राज्यात जाऊ. राज्य छोटे, पण त्यात लहानमोठी आठशेहून अधिक तळी व सरोवरे आहेत. हिवाळ्यात ती गोठतात आणि उन्हाळ्याच्या तीनचार महिन्यांत त्यांच्यावर होड्यांची नुसती झिम्मड उडते.

आधी लाटेकडे पाहू. एखाद्या संथ तळ्यावर बदक पोहताना तुम्ही पाहिले असेल. त्याच्या मागे पाण्यावर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खूण पसरत जाते. होडीमागे दिसतो तोही हाच आकार. होडीचा नाळेकडचा भाग पाणी पुढे रेटतो. रेटलेले पाणी वर चढते. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते, पण खाली येणारे पाणी सपाटीवर थांबत नाही. झोका जसा मधल्या जागी न थांबता पलीकडे जातो, तसे ते सपाटीच्याही खाली जाते आणि पुन्हा वर येते. अशा रीतीने लाटांची मालिका सुरू होते.

तापमानाच्या मापनपद्धतीमुळे तुमच्या ओळखीचे असलेले लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ साली या लाटांचे गणित मांडले. त्यातून निघालेला निष्कर्ष मोठा गमतीचा आहे. खोल पाण्यात या 'व्ही'ची प्रत्येक बाजू होडीच्या मार्गाशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते. मग ते बदक असो की आगबोट, सावकाश जाणारे असो की थोडे घाईत असलेले, कोन तोच! (फार वेगाने धावणाऱ्या बोटींमागे हा कोन अरुंद दिसतो, असे राबो आणि मोइझी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गणितातही असे काही शिल्लक राहिलेले असते.)

कोन बदलत नसला तरी लाटेची लांबी मात्र वेगाप्रमाणे बदलते. होडीच्या बरोबरीने धावणारी लाट किती लांबीची असेल हे काढण्याची युक्ती सोपी आहे. होडीचा दर सेकंदाचा वेग मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६४ने गुणा. ताशी ८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर. त्याचा वर्ग ४.९, त्यास ०.६४ने गुणले की उत्तर येते सुमारे ३ मीटर. आता वेग दुप्पट करा, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. लाटेची लांबी दुप्पट होणार नाही, चौपट होईल. सुमारे साडेबारा मीटर!

आता या लाटांवर साडेसहा मीटर लांबीची एक मोटरबोट ठेवून पहा. ताशी ८ किलोमीटरला तिच्याखाली दोन लाटा बसतात आणि बोट आडवी, सपाट राहते. वेग वाढत जाऊन ताशी साडेअकरा किलोमीटर झाला की लाटेची लांबी बरोबर बोटीइतकी होते. याच्याही पुढे गेले की बोटीचा नाळेकडचा भाग लाटेच्या माथ्यावर आणि मागचा भाग खळग्यात, अशी अवस्था येते. बोट जणू स्वतःच उठवलेल्या टेकडीवर चढू पाहते. नाळ आकाशाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला, यंत्र घरघरते आहे आणि मागे मोठमोठ्या लाटा उठताहेत! इंधनही याच वेळी फार जळते. यंत्र पुरेसे ताकदवान असेल तर बोट ती टेकडी पार करते आणि पाण्यावरून घसरू लागते. तेव्हा तिचा थोडाच भाग पाण्यात असतो, आणि आश्चर्य म्हणजे मागच्या लाटा पुन्हा लहान होतात.

म्हणजे सर्वांत मोठी लाट सर्वांत वेगवान बोट उठवत नाही. ती उठते अधल्यामधल्या वेगाला. पुष्कळ नाविकांना हे माहीत नसते. काठाजवळ आल्यावर ते वेग 'थोडासा' कमी करतात आणि सज्जनपणे वागल्याच्या समाधानात नेमक्या सर्वांत वाईट वेगाला येऊन पोहोचतात! म्हणूनच पाटीवर नुसते 'सावकाश' लिहून भागत नाही; 'लाट नको' असेही लिहावे लागते. व्हरमाँटमध्ये काही मोठे जलाशय वगळता काठापासून २०० फुटांच्या, म्हणजे साधारण ६० मीटरच्या आत याच चालीने जाण्याचा नियम आहे.

लाट लहान की मोठी याला एवढे महत्त्व का, ते आता पाहू. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० सेंटिमीटर उंचीची लाट पाण्याच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४९ ज्यूल ऊर्जा वाहून नेते. ४० सेंटिमीटर उंचीची लाट ९८ नव्हे, तर १९६ ज्यूल नेते. डोळ्यांना दुप्पट दिसणारी लाट काठाला चौपट जोराने भिडते.

दुसरी गोष्ट खोलीची. लाट केवळ पृष्ठभागावर असते असे आपल्याला वाटते, पण तिच्याखालचे पाणीही हलत असते. खोल जावे तशी ही हालचाल झपाट्याने मंदावते. मात्र किती झपाट्याने, हे लाटेच्या लांबीवर ठरते. मघाची दोन उदाहरणे घ्या. पृष्ठभागापासून २ मीटर खाली गेलात तर ताशी ८ किलोमीटरच्या होडीने उठवलेल्या लाटेची हालचाल वरच्याच्या जेमतेम शेकडा २ उरते. ताशी १६ किलोमीटरवाल्या लाटेची मात्र शेकडा ३७ शिल्लक असते! पहिल्या होडीखालच्या गाळाला वरून काही गेल्याचा पत्ताही लागत नाही. दुसरीच्या खालचा गाळ ढवळला जातो. त्यातून मोटरबोटीच्या पंख्याचा झोत वेगळाच; नाळ वर उचललेल्या बोटीचा झोत तर तिरका खाली तळाकडे जातो.

मोठ्या सरोवरात वाऱ्याने लाटा उठतातच, मग होडीच्या लाटांचे काय कौतुक, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. वाऱ्याच्या लाटांना मोठे होण्यासाठी मोकळ्या पाण्याचा लांब पल्ला लागतो. डोंगरांच्या कुशीतील लहान सरोवरात तो मिळत नाही, म्हणून तेथील लाटा आखूड आणि बुटक्या राहतात. हजारो वर्षे अशाच लाटांची सवय झालेला तो काठ असतो. तेथे बारीक गाळ टिकतो, बोरू-लव्हाळ्यासारखी वनस्पती उभी राहते, मासे अंडी घालतात. लून नावाचा पाणपक्षी तर अगदी पाण्याला टेकून घरटे करतो, कारण त्याचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालताच येत नाही. अशा काठावर एका सुटीच्या दिवशी शेकडो लांब लाटा येऊन आदळल्या तर घरट्यातील अंडी वाहून जातात आणि काठाची माती पाण्यात उतरू लागते.

ढवळलेला गाळ पाणी गढूळ करतो, एवढेच त्याचे काम नाही. सरोवराचा तळ म्हणजे जणू वर्षानुवर्षांची बचत. शेतांतून, रस्त्यांवरून, घरांच्या सांडपाण्यातून आलेले फॉस्फरस तेथे गाळाला चिकटून बसलेले असते. गाळ वर उठला की त्यातील काही फॉस्फरस पाण्यात सुटते, आणि सूक्ष्म शैवालांना आयते खत मिळते. पाणी हिरवट होते, तळाशी पोहोचणारा सूर्यप्रकाश कमी होतो. तळाजवळ बुटकेपणाने वाढणाऱ्या स्थानिक वनस्पतींची यात उपासमार होते.

आणि येथेच आपल्या गोष्टीतील परकी पाहुणी प्रवेश करते.

तिचे नाव युरेशियन वॉटरमिलफॉइल, शास्त्रीय नाव मिरिओफायलम स्पायकेटम. मिरिओफायलम म्हणजे असंख्य पानांची. पाण्यातून एखादे देठ उचलून पाहिले तर प्रत्येक पेऱ्यावर सहसा चार पाने, आणि प्रत्येक पान पक्ष्याच्या नाजूक पिसासारखे चिरलेले. दिसायला सुरेख! मूळची युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील. अमेरिकेत ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोहोचली आणि १९६२ साली व्हरमाँटच्या पश्चिम सीमेवरील शँप्लेन सरोवराच्या एका उपसागरात आढळली. तेथून ती राज्यातील अनेक तळ्यांत पसरली.

तिची रीत अशी. वसंत ऋतूत इतर वनस्पती जाग्या होण्यापूर्वीच ती वाढू लागते. तीनचार मीटर पाण्यातून ती सरळ वर येते आणि पृष्ठभागाशी पोहोचली की आडवी फाटे फोडत छत पसरते. छताखाली अंधार. पाणी थोडेफार गढूळ झाले तरी तिचे विशेष बिघडत नाही, कारण तिची पाने प्रकाशातच असतात. गुदमरतात त्या खालच्या. पोहणाऱ्याचे पाय तिच्यात अडकतात, वल्ही जड होतात, मासेमारीचा गळ ओढला की त्याला मासा न येता हिरवा भारा येतो.

पण तिचे खरे सामर्थ्य वेगळेच आहे. बी तिला धरते, तरी प्रसारासाठी ती बियांवर फारशी अवलंबून नाही. देठाचा एक पेऱ्यासह तुटलेला तुकडा, केवळ काही सेंटिमीटरचा, तिला पुरेसा होतो. तो तरंगत जातो, पांढरी मुळे सोडतो, कोठेतरी उथळ जागी बुडतो आणि नवे झाड सुरू होते. उन्हाळ्याच्या अखेरीस ती स्वतःच आपले शेंडे तोडून सोडून देते. काही शेंड्यांना तर तुटण्यापूर्वीच मुळे फुटलेली असतात!

आता मोटरबोटीचा पंखा या छतातून गेला तर काय होईल ते सांगायला नको. माळ्याने कलमे करावीत तशी शेकडो कलमे तो क्षणात करून टाकतो, आणि बोटीमागची लाट ती चोहीकडे पोहोचवते. म्हणून अनेक ठिकाणी मिलफॉइलच्या ताटव्याभोवतीही बोये टाकून होड्यांना तेथून दूर ठेवतात. यात आणखी एक योगायोग आहे. ही वनस्पती प्रामुख्याने वाढते ती एक ते चार मीटर खोलीच्या पाण्यात, म्हणजे काठालगतच्या पट्ट्यात. लाटांनी तळ ढवळला जातो तोही साधारण हाच पट्टा. त्यामुळे 'लाट नको'ची पाटी एकाच जागी दोन कामे करते: गाळ जागेवर ठेवते आणि पंख्यांची कात्री मंद करते.

येथवर सारे सरळ वाटते. खलनायिका ठरली, तिला उपटून टाकले की झाले! पण निसर्गातील हिशेब असे एका ओळीत मांडता येत नाहीत. मिलफॉइलचा दाट ताटवा लाटांचा जोरही मोडतो. त्याच्या देठांतून जाताना पाण्याची हालचाल मंदावते, गाळ खाली बसतो. समजा, एखाद्या गावाने मोठे कापणीयंत्र आणून एका आठवड्यात सगळा ताटवा साफ केला. मग मोकळ्या झालेल्या पाण्यात बोटी अधिक जोराने धावणार, आडवे येणारे काहीच नसल्याने लाटा थेट काठापर्यंत जाणार, उघडा पडलेला तळ ढवळला जाणार. शिवाय यंत्राच्या हातून निसटलेले तुकडे आहेतच. म्हणून जाणकार मंडळी घाई करत नाहीत. पाणबुडे लावून मुळासकट हाताने उपटणे, लहान जागी तळावर चटई अंथरून प्रकाश तोडणे, काळजीपूर्वक तणनाशक वापरणे असे उपाय जागा पाहून केले जातात. कोणताही उपाय एकदा करून सुटका होत नाही.

यातला एक उपाय मात्र निसर्गाने स्वतःच सुचवला. व्हरमाँटच्या उत्तर भागात ब्राउनिंग्टन पाँड नावाचे एक तळे आहे. तेथील मिलफॉइल कोणी काही न करता एकाएकी रोडावली. मिडलबरी कॉलेजमधील संशोधकांनी १९९०च्या सुमारास याचा छडा लावला. दोनतीन मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा, त्याचे नाव युऱ्हिकिऑप्सिस लेकाँटाय, हा त्यामागे होता. (नाव त्याच्याहून लांब आहे खरे!) हा भुंगेरा अमेरिकेचाच रहिवासी. पूर्वी तो तेथील स्थानिक मिलफॉइलवर जगे. परकी आल्यावर त्याने तिलाही आपले म्हटले. मादी शेंड्यावर अंडी घालते, अळी देठ पोखरत खाली जाते. पोखरलेल्या देठातील हवा निघून जाते आणि तरंगणारे छत खाली बसते. सगळ्याच तळ्यांत त्याचा असा प्रभाव पडला नाही. काही ठिकाणी मासेच त्याला खाऊन टाकतात.

पण त्याच्या दिनक्रमातील एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. हिवाळ्यात तळे गोठते तेव्हा हा भुंगेरा पाण्यात राहत नाही. तो काठावर येतो आणि झाडांच्या पालापाचोळ्यात दडून हिवाळा काढतो. आता विचार करा. बोटींच्या लाटांनी काठ ढासळू लागला की घरमालक काय करतो? झाडेझुडपे काढून दगडी भिंत बांधतो. भिंतीमागे छानशी हिरवळ लावतो आणि पाचोळा झाडून जाळतो. त्याची जमीन वाचते, पण भुंगेऱ्याचे हिवाळी घर जाते. शिवाय उभ्या भिंतीवर आदळलेली लाट विरत नाही. चेंडूसारखी उलट फिरते आणि भिंतीच्या पायथ्याचा गाळ पुन्हा ढवळते. लाटेवर शोधलेला उपाय अखेर मिलफॉइलच्याच पथ्यावर पडतो.

अलीकडच्या वर्षांत या साऱ्यात एका नव्या प्रकारच्या बोटीची भर पडली आहे. हिला वेकबोट म्हणतात. आतापर्यंत होड्या बांधणाऱ्यांचा प्रयत्न लाट कमी उठावी असा असे. ही बोट मुद्दाम मोठी लाट उठवण्यासाठी बांधलेली आहे! तिच्यामागे फळीवर उभे राहून, दोर सोडून देऊन, नुसत्या लाटेच्या जोरावर घसरत जायचे, असा हा खेळ. त्यासाठी बोटीत टाक्या असतात. सरोवराचेच पाणी पंपाने त्यांत भरून बोट जड करतात आणि ताशी १६ ते १८ किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे मघाशी पाहिलेल्या नेमक्या त्या वाईट वेगाने चालवतात. गलबताला बूड यावे म्हणून तळात जे ओझे भरत त्याला आपल्याकडे नीरम म्हणत असत. हे पाणी म्हणजे वेकबोटीचे नीरमच.

मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने अशा बोटींच्या लाटा प्रत्यक्ष सरोवरावर मोजल्या आणि २०२२ साली अहवाल दिला. या बोटींनी काठापासून किमान ५०० फूट, म्हणजे दीडशे मीटरहून अधिक दूर राहावे, असे त्यांनी सुचवले. एवढे अंतर कापल्यावरच त्यांच्या लाटा नेहमीच्या मोटरबोटीच्या लाटांइतक्या सौम्य होत होत्या. त्याच वर्षी व्हरमाँटमधील नागरिकांच्या एका गटाने सरकारकडे अर्ज करून १००० फुटांची मागणी केली. सभा झाल्या, वाद झाले. एका बाजूचे म्हणणे, सरोवर सर्वांचे आहे, तेव्हा आमच्या मुलांच्या खेळावर बंदी का? दुसरीचे म्हणणे, सरोवर सर्वांचे आहे म्हणूनच! अखेर २०२४ साली नियम लागू झाला. वेकबोटीचा खेळ काठापासून किमान ५०० फूट दूर आणि किमान २० फूट, म्हणजे ६ मीटर खोल पाण्यातच खेळायचा, आणि असे पाणी सलग ५० एकर तरी असले पाहिजे. आठशे तळ्यांपैकी जेमतेम तीसएक तळी या कसोटीला उतरली. मघाचे साडेबारा मीटर लांबीच्या लाटेचे गणित पुन्हा आठवा. सहा मीटर खोलीवर तिची हालचाल वरच्याच्या शेकडा पाचाच्या आसपास उरते. कायद्यातील आकडा आणि वहीतील गणित एकमेकांच्या किती जवळ आले पहा.

या नियमात आणखी एक कलम आहे, आणि मला स्वतःला ते ५०० फुटांच्या कलमाहूनही महत्त्वाचे वाटते. प्रत्येक वेकबोटीने वर्षासाठी आपले एक 'घरचे सरोवर' निवडायचे. दुसऱ्या पाण्यात जाऊन आल्यास टाक्या रीतसर निर्जंतुक करून घेतल्याशिवाय पुन्हा येथील पाण्यात उतरायचे नाही. कारण या टाक्या पंपाने कितीही उपसल्या तरी पूर्ण रिकाम्या होत नाहीत. तळाशी काही लिटर पाणी राहतेच, आणि त्यात मिलफॉइलचा तुकडा किंवा झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असू शकतात. (हे शिंपले १९९३ साली शँप्लेन सरोवरात सापडले आणि आजवर तेथून हटलेले नाहीत.) लाट कितीही मोठी असली तरी काही मिनिटांत विरून जाते. टाकीतून आलेला तुकडा मात्र दर उन्हाळ्यात वाढत राहतो. साध्या बोटीही यातून सुटत नाहीत. बोट पाण्याबाहेर काढून गाडीमागे जोडली की पंखा, नांगर आणि गाडीचा सांगाडा यांना लोंबणारी पाने काढून टाकायची आणि आतील पाणी काठावरच ओतून द्यायचे, असा दंडक आहे. उन्हात मोकळा पडलेला तुकडा काही तासांत सुकतो; पण नांगराच्या दोराला गुंडाळलेल्या ओल्या लगद्याच्या आत तो बराच अधिक काळ तग धरतो.

आता तुम्ही म्हणाल, व्हरमाँटच्या तळ्यांशी आपला काय संबंध? एक संबंध तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन बाहेर पडतो हे दाखवण्यासाठी चंचुपात्रात नरसाळे उपडे ठेवून त्याखाली एक पाणवनस्पती ठेवतात. नरसाळ्यावर परीक्षानळी आणि तिच्यात जमणारे बुडबुडे! ती वनस्पती बहुधा हायड्रिला असते. आपल्या तळ्यांत व कालव्यांत ती आढळते आणि आपण तिला सरसकट 'शेवाळ' म्हणून मोकळे होतो. वास्तविक ती शेवाळ नव्हे. तिला मूळ, खोड, पाने, फुले सारे काही असते. ही आपल्याकडची साधीसुधी हायड्रिला अमेरिकेत सर्वांत भयंकर पाणतणांपैकी एक मानली जाते!

ती तेथे गेली १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस. श्रीलंकेतून घरगुती मत्स्यपात्रे सजवण्यासाठी तिची आयात झाली, फ्लॉरिडात ती कालव्यांत पोहोचली आणि पुढे साऱ्या राज्यात पसरली. २०११ साली ती न्यूयॉर्क राज्यातील कायूगा सरोवराला मिळणाऱ्या एका प्रवाहात सापडली. २०१६ साली तिचा एक वेगळा वाण कनेक्टिकट नदीच्या खालच्या भागात आढळला. हीच नदी वरच्या अंगाला व्हरमाँटची पूर्व सीमा आहे, हे नकाशात पाहून घ्या. हायड्रिलाही तुकड्यांनी पसरते, आणि त्याखेरीज गाळात लहान लहान कंद सोडते. ते कंद काही वर्षे निपचित पडून राहू शकतात. तेव्हा घरच्या सरोवराचे ते कलम कोणाच्या धास्तीने आले असेल याची कल्पना येईल.

उलट प्रवासाचे उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोल्हापूरच्या रंकाळ्यावर आणि पिंपरी-चिंचवडच्या पवना नदीवर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, तीही जांभळ्या फुलांच्या मोहाने जगभर नेली गेलेली. एकाच्या घरची साधी रोपटी दुसऱ्याच्या घरी उच्छाद मांडतात, कारण तिला खाणारे, पोखरणारे, रोगट करणारे तिचे जुने सोबती मागेच राहिलेले असतात.

तुकड्यापासून झाड कसे होते ते तुम्ही स्वतः पाहू शकता. हायड्रिलाची एक फांदी घ्या. कात्रीने तिचे तीन प्रकारचे तुकडे करा: एकात पानांचे एकच वलय, दुसऱ्यात तीन वलये, तिसऱ्यात वाढता शेंडा. प्रत्येक प्रकारचे पाच पाच तुकडे तळ्याचे पाणी भरलेल्या वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत ठेवा. बरण्या खिडकीपाशी, पण थेट उन्हापासून दूर असाव्यात. आणखी एका बरणीत तळाशी दोन बोटे गाळ घालून त्यात तसेच तुकडे सोडा, आणि दिवसातून तीनदा ती बरणी लाकडी पळीने ढवळा. तीन आठवडे रोज नोंद ठेवा: मूळ प्रथम कोठे फुटले, किती तुकडे जगले, ढवळलेल्या बरणीत काय झाले. वर्गातील चारपाच जणांनी मिळून केल्यास तुकड्यांची संख्या वाढेल आणि आकडे अधिक भरवशाचे मिळतील.

बदकाचा कोनही मोजता येईल. पुलावरून किंवा उंच काठावरून, जमेल तितके सरळ खाली पाहत छायाचित्र घ्या आणि त्यावर कोनमापक ठेवा. दोन्ही बाजूंमधील पूर्ण कोन ३९ अंशांच्या आसपास यावा. तिरप्या दिशेने घेतलेल्या छायाचित्रात तो चुकीचा येतो, तेव्हा जागा नीट निवडा.

प्रयोग संपल्यावर बरण्या मोरीत किंवा ओढ्यात उपड्या करू नका. तुकडे गाळून घ्या, वर्तमानपत्रावर एकेरी पसरून गच्चीवर उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि मग कुंडीतील खतात घाला. पाणी झाडाच्या आळ्यात ओता.